दगडात नसलेली आई

बल्गेरियाच्या ईशान्य भागात, इस्पेरिह या शहराजवळ, स्वेश्तारी नावाचं खेडं आहे. तिथल्या गिनिना मोगिला या मातीच्या टेकाडाखाली १९८२ साली एक दगडी थडगं उघडकीला आलं. मारिया चिचिकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे उत्खनन. एक बोळ, तीन चौकोनी दालनं, वर अर्धगोल कमानीचं छत, आणि सर्वांत आतल्या दालनाच्या भिंतींवर चुनखडीच्या दगडात उठावानं कोरलेल्या दहा स्त्रिया. प्रत्येकीची उंची सुमारे १.२० मीटर. दोन्ही हात वर उचललेले, छातीखाली पट्टा बांधलेला, आणि कमरेखालचं वस्त्र घडीघडीनं उलट्या पाकळ्यांमध्ये, वळणदार वेलीमध्ये विरघळत गेलेलं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ, असा त्यांचा काळ. १९८५ साली युनेस्कोनं या थडग्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सापडल्यापासून या दहाजणींना एकच ओळख चिकटली आहे. त्या थ्रेशियन, म्हणजे या भागातल्या प्राचीन लोकांच्या महामातेची, सृष्टी प्रसवणाऱ्या आदिमातेची रूपं आहेत असं सांगितलं जातं. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत हेच येतं, देवीपूजेच्या जागतिक इतिहासावरच्या लोकप्रिय लिखाणात हेच येतं, आणि काही विद्वानांच्या ग्रंथांतही थोड्या जड भाषेत हेच येतं. हात वर आहेत, म्हणून ती आशीर्वाद देते आहे. कमरेखाली वनस्पती आहे, म्हणून ती सुफलतेची देवता. दहा आहेत, म्हणून त्यात विश्वाच्या पूर्णत्वाची संख्या दडली आहे. या तिन्ही विधानांना त्या दगडात आधार नाही. आणि हे वाचन निरुपद्रवी नाही. ज्यांनी हे थडगं बांधलं त्या गेटी या थ्रेशियन लोकांचा, त्यांच्या राजाचा आणि त्यांच्या पाथरवटांचा इतिहास ते पुसून टाकतं. म्हणून त्याचा प्रतिवाद करायचा.

हातांपासून सुरुवात करू. या स्त्रिया भिंतीत एकट्या उभ्या नाहीत. त्यांच्या अधूनमधून अर्धस्तंभ आहेत आणि डोक्यांवर दगडी पट्टा भिंतभर फिरतो. वर उचललेले तळवे त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला भिडतात. त्या वरचा भार पेलत आहेत. खरा भार अर्थातच भिंत पेलते, पण शिल्पकारानं दाखवलं आहे ते पेलणंच. खांबाच्या जागी स्त्री उभी करण्याची ग्रीक वास्तुकलेतली रीत तोपर्यंत चांगली जुनी झाली होती. अथेन्सच्या अ‍ॅक्रॉपोलिसवर एरेक्थिऑनच्या सज्जात अशा सहाजणी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या शेवटी उभ्या राहिल्या, आणि त्या मंदिराच्या बांधकामाचे जे हिशेब दगडावर कोरून ठेवलेले मिळाले त्यांत त्यांचा उल्लेख नुसता 'मुली' असा आहे. सिसिलीत अ‍ॅक्रागासच्या झ्यूसमंदिरात तेच काम प्रचंड पुरुषमूर्ती करत होत्या, हात डोक्यामागे दुमडून. अम्फिपोलिसच्या कास्ता टेकाडात २०१४ साली दाराशी दोन स्त्रिया सापडल्या. त्याही थडग्यातल्याच, आणि काळही स्वेश्तारीच्या जवळचा.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. अंबरनाथच्या किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात खांबांच्या माथ्यावर हात वर करून तुळई पेलणारे कीचक आपण पाहतो. त्यांना कुणी गाभाऱ्यातला देव समजत नाही. मूर्तीचा हात कुठे आहे एवढ्यावर तिचा अर्थ ठरत नाही. त्या हाताच्या वर काय आहे, बाजूला काय आहे, ती मूर्ती इमारतीत कोणतं काम करते, हे आधी विचारावं लागतं. स्वेश्तारीच्या स्त्रियांचं छायाचित्र बहुतेक वेळा एकटीचं, वरचा पट्टा कापून छापलं जातं. मग ते हात आकाशाकडे गेलेले दिसतात आणि आशीर्वादाची कल्पना आपोआप सुचते. दालनात उभं राहून पाहणाऱ्याला तसं वाटण्याचं कारण नाही.

आता ती पाकळ्यांची वस्त्रं. हा भाग अधिक अवघड आहे, आणि महामातेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा खरा आधारही तोच. स्त्रीचं शरीर कमरेखाली वनस्पती होतं हे दृश्य विलक्षण आहे, यात वाद नाही. पण ते स्वेश्तारीत जन्मलं नाही. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक आणि मॅसिडोनियन जगात ते जागोजाग दिसतं. दक्षिण इटलीतल्या रंगवलेल्या भांड्यांवर फुलांतून स्त्रियांची डोकी उगवतात. काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियन सरदारांच्या सोन्यावर पाय वेलींचे, सापांचे झालेली देवी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा दाखला मॅसिडोनियाच्या जुन्या राजधानीतला, आजच्या व्हेर्गिना गावाजवळचा. तिथल्या राजवाड्यात मेजवानीच्या एका दालनाची जमीन खड्यांच्या चित्रानं मढवली आहे. मध्ये वेलींचं मोठं वर्तुळ, आणि चारही कोपऱ्यांत एकेक स्त्री, जिचं कमरेखालचं अंग फुलात मिसळून जातं. त्या जमिनीवरून पाहुणे चालत होते, बाजूच्या आसनांवर रेलून मद्य पीत होते. अशा ठिकाणी आदिमाता पायाखाली अंथरली असं कुणी म्हणत नाही. ती राजदरबारी अलंकरणाची भाषा होती. समृद्धी, वसंत, मृत्यूनंतरचं सुख असे अर्थ तिला चिकटलेले असू शकतात. थडग्यात तर ते अधिकच शोभतात. पण अर्थाचा गंध असलेला अलंकार आणि पूजेतली देवता यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते पार करायला पुरावा लागतो.

ही भाषा डॅन्यूबच्या काठी गेटींपर्यंत कशी पोचली, हेही आपल्याला बऱ्यापैकी सांगता येतं. अलेक्झांडरनंतर थ्रेस त्याचा सेनापती लायसिमाकस याच्या वाट्याला आला. इसवी सनापूर्वी २९२ च्या सुमारास तो गेटींवर चालून गेला आणि त्यांचा राजा ड्रोमिकायटीस याच्या हाती कैद झाला. ग्रीक इतिहासकार डायोडोरसच्या ग्रंथाच्या उरलेल्या तुकड्यांत या कैदेची हकीकत आहे. राजानं मॅसिडोनियन पाहुण्यांना चांदीच्या मेजावर सोन्याचांदीच्या पात्रांतून जेवू घातलं, आपल्या माणसांना मात्र लाकडी आणि शिंगाच्या पात्रांतून, आणि मग विचारलं की इतकं वैभव सोडून तुम्ही आमच्या दरिद्री देशात कशाला आलात. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की सुटकेच्या तहात लायसिमाकसला आपली मुलगी ड्रोमिकायटीसला द्यावी लागली. स्वेश्तारीच्या परिसरातलं गेटी नगर म्हणजे डायोडोरसनं सांगितलेली हेलिस राजधानी, असं डायना गेर्गोवा यांच्यासारख्या उत्खनकांचं मत आहे. थडगं ड्रोमिकायटीसचंच का, हा वाद बाजूला ठेवू. पण ज्या पिढीत ते उभं राहिलं तिचा मॅसिडोनियन दरबाराशी युद्धाचा, तहाचा आणि सोयरिकीचा संबंध होता, हे स्पष्ट आहे. एका राजाचे कारागीर, त्यांचे नमुने, त्यांची फुलांमधली स्त्री दुसऱ्या राजाकडे जायला याहून सरळ वाट कोणती हवी?

आकड्याबद्दल थोडक्यात. दहा ही पायथागोरसपंथाची परिपूर्ण संख्या, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं गेटींच्या झाल्मोक्सिस या देवमाणसाचा पायथागोरसशी संबंध सांगितला आहे, म्हणून दहा स्त्रिया म्हणजे गूढ दशक, असा युक्तिवाद केला जातो. हिरोडोटसनं ही गोष्ट काळ्या समुद्राकाठच्या ग्रीकांकडून ऐकलेली म्हणून नोंदवली आणि स्वतः तिच्यावर पुरता विश्वास ठेवला नाही. झाल्मोक्सिस पायथागोरसच्या पुष्कळ आधीचा असावा, असं तो म्हणतो. भिंतींकडे पाहिलं तर मांडणी साधी आहे: समोरच्या भिंतीवर चार, दोन बाजूंना तीन-तीन, आणि चौथ्या बाजूला दार.

आकड्यांवरून अर्थ काढण्याचा मोह किती धोक्याचा आहे हे एका समकालीन साक्षीवरून दिसतं. अथेन्सचा नाटककार मेनँडर या थडग्याच्याच काळातला. त्याच्या एका नाटकातलं गेटी पात्र सांगतं की आमच्यात दहा-अकरापेक्षा कमी बायका करणारा पुरुष सापडायचा नाही. स्ट्रेबो या भूगोलकारानं हा उतारा राखून ठेवला. आता कुणी म्हणालं, की या दहाजणी म्हणजे मेलेल्या राजाच्या दहा राण्या, तर? काळ जुळतो, लोक जुळतात, आकडा जुळतो. महामातेच्या बाजूनं एवढाही लेखी पुरावा नाही. तरीही हा अर्थ मी मांडणार नाही, कारण विनोदी नाटकातला अतिशयोक्तीचा संवाद आणि भिंतीवरची मोजणी जोडून इतिहास होत नाही. जे महामातेच्या दशकावर विश्वास ठेवतात त्यांनी दहा राण्यांवर का ठेवू नये, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडून यायला हवं.

मग थ्रेशियन लोकांच्या देवींबद्दल आपल्याला कळतं तरी काय? थोडं, पण काहीच नाही असं नाही. थ्रेशियनांनी स्वतःच्या भाषेत ग्रंथ लिहिले नाहीत. एझेरोवोला १९१२ साली मिळालेल्या सोन्याच्या अंगठीवर ग्रीक लिपीत ६१ अक्षरं आहेत आणि त्यांचा सर्वमान्य अर्थ आजवर लागलेला नाही. स्थिती इतकी बिकट आहे. म्हणून ग्रीकांच्या साक्षी तपासून वापराव्या लागतात. हिरोडोटस म्हणतो, थ्रेशियन एरिस, डायोनिसस आणि आर्टेमिस यांनाच भजतात, आणि त्यांचे राजे हर्मिसला. थ्रेस आणि पिओनियातल्या स्त्रिया 'राणी आर्टेमिस'ला गव्हाच्या काडात गुंडाळून नैवेद्य नेतात, हेही तोच सांगतो. थ्रेशियन देवींपैकी नाव, रूप आणि उत्सव या तिन्ही अंगांनी आपल्या सर्वांत ओळखीची म्हणजे बेंडिस. अथेन्सच्या पिरिअस बंदरात तिचा उत्सव सुरू झाला, त्यात घोड्यावरून मशालींची शर्यत होत असे, आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा आरंभच सॉक्रेटिस तो उत्सव पाहून परत निघालेला असताना होतो. दगडावर कोरलेली बेंडिस कशी दिसते? डोक्यावर टोकदार टोपी, पायांत उंच बूट, हातात भाला. ती शिकारी आहे. तिच्या कडेवर मूल नाही. सेउथोपोलिस या थ्रेशियन नगरातल्या ग्रीक शिलालेखात काबिले नगरातल्या फॉस्फोरोसच्या, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या देवीच्या, स्थानाचा उल्लेख आहे, आणि काबिलेच्या नाण्यांवर ती दोन्ही हातांत मशाली घेऊन उभी असते. राणी, शिकारी, मशालवाहिनी अशी ही रूपं. सगळ्यांना गिळून बसणारी एक आई त्यांत दिसत नाही. दिसते ती आपण आधीच ठरवली असेल तरच.

आणि जिथे खरोखर मातृदेवता होती तिथे ती ओळखता येते. काळ्या समुद्राच्या काठी बाल्चिक शहर आहे, प्राचीन डायोनिसोपोलिस. तिथे २००७ साली बांधकामाच्या खोदाईत एक मंदिर सापडलं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेलं, म्हणजे स्वेश्तारीच्या थडग्यानंतर एक-दोन पिढ्यांतलं. तिथल्या शिलालेखांत देवीचं नाव आहे: समुद्रकाठची देवमाता. तिच्या मूर्ती आहेत, तिच्या पूजेच्या नोंदी आहेत. म्हणजे या भूभागात, याच काळात, मातृदेवतेचं मंदिर कसं असतं याचा नमुना आपल्यासमोर आहे. त्याच्याशी ताडून पाहिलं तर स्वेश्तारीच्या दहाजणींकडे ना नाव, ना वेदी, ना नैवेद्य, ना सिंह, ना सिंहासन. त्या एका बंद थडग्याच्या भिंतीत आहेत, आणि तिथे पूजेला कुणी येणार नव्हतं.

ही महामाता आली कुठून, हेही सांगायला हवं, कारण तिचं मूळ थ्रेसमध्ये नसून एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथालयांत आहे. १८४९ साली एडुआर्ड गेरहार्ड या जर्मन विद्वानानं सुचवलं की सगळ्या ग्रीक देवींच्या मागे मूळची एकच देवी असावी. १८६१ साली योहान बाखोफेननं मातृसत्तेचा सिद्धांत मांडला. विसाव्या शतकात मारिया गिंबुतास यांनी १९७४ पासूनच्या आपल्या ग्रंथांत बाल्कन प्रदेशातल्या नवाश्मयुगीन मातीच्या स्त्रीमूर्तींना 'जुन्या युरोपातल्या' देवीधर्माचा पुरावा ठरवलं. त्यांच्या आधीच, १९६८ साली, पीटर उको यांनी इजिप्त आणि क्रीटच्या मूर्ती एकेक करून तपासल्या होत्या आणि सगळ्या मूर्तींना एकच देवी ठरवणं पुराव्यात बसत नाही, त्या बाहुल्या, जादूटोण्याची साधनं, शिकवणीची साधनं असं काहीही असू शकतात, हे दाखवलं होतं. पण स्वेश्तारीपुरता मुद्दा याहूनही सोपा आहे. गिंबुतास यांची मांडणी पूर्ण खरी मानली तरी ती इथे उपयोगी पडत नाही. त्यांच्या मते देवीपूजक जुना युरोप संपवला तो घोड्यावर बसणाऱ्या, टेकाडाखाली सरदार पुरणाऱ्या, पुरुषप्रधान लोकांनी. गिनिना मोगिला हे टेकाड आहे. आत राजा पुरला आहे, सोबत घोडे पुरले आहेत, भिंतीवर घोडेस्वार चितारला आहे. गिंबुतास यांच्या हिशेबात हे थडगं देवीच्या शत्रूंचं ठरतं. त्यांचंच नाव घेऊन त्यात देवी शोधणाऱ्यांनी त्यांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. आणि मधली चार हजार वर्षं? नवाश्मयुगीन वस्त्या आणि गेटी राजा यांच्यात एवढा काळ आहे. तो ओलांडायला 'परंपरा टिकून राहिली' हे तीन शब्द पुरत नाहीत.

बल्गेरियातली मांडणी वेगळी आहे आणि ती अधिक गांभीर्यानं घ्यायला हवी. १९७२ साली सोफियात थ्रेशियन अभ्यासाची संस्था स्थापन करणारे अलेक्झांडर फोल मोठे विद्वान होते. 'थ्रेशियन ऑर्फिझम' या त्यांच्या सिद्धांतात महामाता पर्वताच्या रूपानं स्वतःच गर्भ धारण करते, सूर्यरूपी पुत्राला जन्म देते आणि त्याच्याशीच तिचा पवित्र विवाह होतो. राजा म्हणजे त्या पुत्राचं पृथ्वीवरचं रूप. रचना भव्य आहे. पण तिचे खांब कोणते? ऑर्फियसबद्दलचं उत्तरकालीन ग्रीक साहित्य, खडकांत कोरलेल्या लेखविरहित जागा, आणि चित्रं. चित्रांचा अर्थ सिद्धांतावरून लावायचा आणि सिद्धांताला पुरावा म्हणून तीच चित्रं दाखवायची, हे वर्तुळ आहे. कझानलाकच्या रंगवलेल्या थडग्यात हे आधीच घडलं होतं. तिथे बसलेल्या दांपत्याकडे फळांचं तबक घेऊन येणारी उंच स्त्री कुणाला सेविका दिसली, कुणाला पर्सेफोनी, कुणाला महामाता. चित्र तेच, पाहणाऱ्याच्या हातातला ग्रंथ वेगळा.

काळही ध्यानात घ्यावा लागेल. १९७० च्या दशकात बल्गेरियन सरकारनं थ्रेशियन सोनं पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कपर्यंत मिरवलं. आपलं राष्ट्र किती प्राचीन आणि ग्रीकांपासून किती स्वतंत्र, हे जगाला दाखवायचं होतं. फोल स्वतः १९८० ते १९८६ शिक्षणमंत्री होते. स्वेश्तारी नेमकं त्याच वर्षांत सापडलं आणि जगापुढे आलं. म्हणून त्यांची विद्वत्ता खोटी ठरत नाही. पण ग्रीकांना काही देणं न लागणारी, खोल, गूढ, स्वतःची अशी एक महामाता त्या वातावरणात किती हवीहवीशी होती, हे समजून घेतल्याशिवाय तिचा इतका प्रसार कळत नाही.

देवीमूर्ती वाचणं अशक्य आहे, असं मी म्हणत नाही. ते कसं करावं याचे उत्तम धडे महाराष्ट्रातच आहेत. हात वर केलेली, मस्तकाच्या जागी कमळ असलेली लज्जागौरी आपल्याकडे तेरपासून अनेक ठिकाणी सापडते, आणि तिला स्वेश्तारीच्या स्त्रियांशेजारी ठेवून 'पाहा, एकच देवी' म्हणण्याचा मोह होतो. ह. धी. सांकलियांनी १९६० साली या नग्न देवीचा माग पश्चिमेकडे, इजिप्तमधल्या बाउबोच्या मूर्तींपर्यंत नेला. त्यांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, पण त्यांच्या हातात रोमन व्यापाराची वाट होती. त्या व्यापाराच्या खुणा दख्खनच्या मातीत मिळाल्या होत्या. पुढे १९७८ साली रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' लिहिलं ते ग्रंथ, स्थळं, स्थानिक नावं, वारुळाची पूजा आणि आजही चालणारे विधी यांची एकमेकांशी गाठ घालत. वाद घालायचा तर तिथे घालता येतो, कारण प्रत्येक पायरी उघडी आहे. स्वेश्तारीत यातलं काहीच नाही: ग्रंथ नाहीत, नाव नाही, चालू विधी नाही. शेजारच्या देमिर बाबाच्या दर्ग्यात आजही भाविक जातात आणि तिथे थ्रेशियन काळातलं पवित्र स्थान होतं, हे उत्खननातून दिसलं आहे. पण त्या दर्ग्यातली भक्ती एका मुसलमान संताची आहे, त्यातून भिंतीतल्या स्त्रियांचं नाव निघत नाही. लज्जागौरी सुटी, स्वतंत्र, पूजेसाठी घडवलेली मूर्ती आहे आणि तिचं प्रजनांग हाच तिचा केंद्रबिंदू आहे. स्वेश्तारीच्या स्त्रियांचं कमरेखालचं अंग पाकळ्यांनी झाकून नाहीसं केलं आहे. रूपसाम्य म्हणून दाखवायला जे पुढे करतात, तिथेच सर्वांत मोठा फरक आहे.

एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. देवीचं वाचन नाकारणं म्हणजे इतिहासातून स्त्रियांना पुन्हा हद्दपार करणं, असं म्हटलं जातं. नेमकं उलट आहे. हिरोडोटसच्या पाचव्या पुस्तकात थ्रेशियन लोकांच्या एका गटाची रीत आहे: नवरा मेला की त्याच्या बायकांत सर्वांत लाडकी कोण यावर चढाओढ होते, जिचा मान ठरतो तिची जवळच्या नातलगाच्या हातून थडग्यावर हत्या केली जाते आणि तिला नवऱ्याशेजारी पुरलं जातं. ही रीत स्वेश्तारीत पाळली गेली असं मी म्हणत नाही. पण थ्रेशियन राजांच्या जगातल्या जिवंत स्त्रियांबद्दल विचारायचे प्रश्न हे आहेत. भिंतीवर महामाता मानली की हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. समाज मातृपूजक होता, म्हणजे स्त्रिया सन्मानानं राहत असणार, असं गृहीत धरलं जातं. देवीच्या नावानं मुली सोडण्याची प्रथा मोडायला ज्या महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं, त्याला तरी देवीची पूजा आणि बाईची प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगावं लागू नये.

दुसरा आक्षेप असा, की मॅसिडोनियन नमुने दाखवून मी गेटींना नकलाकार ठरवतो. तसं मुळीच नाही. उलट या स्त्रियांकडे जवळून पाहा. हात आणि तळवे प्रमाणाबाहेर मोठे, चेहरे एकमेकींपासून वेगळे, काहींचं काम सफाईदार आणि काहींचं कच्चं. एकाहून अधिक हात त्यांवर फिरले आहेत. तपकिरी, तांबडा, निळा, जांभळट अशा रंगांच्या खुणा अजून आहेत. अथेन्समध्ये अशी पाकळ्यांच्या घागऱ्यात उभी राहून छत पेलणारी स्त्री नाही. खांब होणारी मुलगी आणि फूल होणारी स्त्री या दोन वेगळ्या कल्पना इथे कुणीतरी एकत्र आणल्या. हे धाडस त्या दरबाराचं आणि त्या पाथरवटांचं. महामातेच्या वाचनात त्यांना जागा नाही, कारण तिथे सगळं आधीपासून, कायमचं, न बदलणारं असतं. कुणी काही ठरवत नाही, कुणी काही नवं करत नाही. गेटींचा खरा अपमान त्यात आहे.

आणि या थडग्यात देवी शोधायचीच असेल तर ती आहे, फक्त लोक बघतात तिथे नाही. स्त्रियांच्या वर, छताच्या कमानीखालच्या अर्धगोलात, एक रेखाचित्र आहे. रंग भरायचा राहून गेला. त्यात मध्यावर एक स्त्री घोड्यावरच्या पुरुषाकडे पुष्पमुकुट पुढे करते आहे. तिच्यामागे दासी, त्याच्यामागे शस्त्रं वाहणारे. स्वाराच्या कानाशी एडक्याचं शिंग आहे असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे, आणि तेच अ‍ॅमन देवाचं शिंग लायसिमाकसच्या नाण्यांवर अलेक्झांडरच्या डोक्याला असतं. म्हणजे मेलेला राजा देवपदाला पोचतो आहे, आणि ते पद त्याला देणारी स्त्री बहुधा देवीच आहे. ती आई आहे का? चित्रात त्याची खूण नाही. ती बेंडिस असेल, हिरोडोटसची राणी आर्टेमिस असेल, एखादी अशीही असेल जिचं नाव कुठल्याच ग्रीकानं लिहून ठेवलं नाही. तिचं काम मात्र चित्रात स्पष्ट आहे: ती राजाला राजा ठरवते. सत्तेची देवी, जन्माची नव्हे. या थडग्यातल्या धर्माबद्दलचा सर्वांत मोलाचा पुरावा हा अर्धगोल आहे, आणि खालच्या दहाजणींना महामाता करण्याच्या नादात त्याच्याकडे फार थोडं लक्ष गेलं.

म्हणून माझी मागणी अगदी ठोस आहे. स्वेश्तारीबद्दल पुस्तिका लिहिणाऱ्यांनी, मालिका काढणाऱ्यांनी, मराठीत देवीपूजेचा जागतिक इतिहास सांगणाऱ्यांनी दहा मूर्तींखाली एवढंच लिहावं: गेटी राजाच्या थडग्यातल्या, छत पेलणाऱ्या, पुष्पवस्त्रातल्या दहा स्त्रिया, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, मॅसिडोनियन दरबारी अलंकरणाशी नातं, घडण स्थानिक. आणि त्यांच्या वरच्या चित्राखाली: राजाला मुकुट देणारी देवी, नाव अज्ञात.